रक्तातील प्रथिने विलग करणारा शास्त्रज्ञ

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ आर्ने टिसेलियस यांचा जन्म १० ऑगस्ट १९०२ रोजी स्टॉकहोम येथे झाला. उप्साला विद्यापीठात थिओडोर स्वेडबर्ग यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विजेच्या साह्याने प्रथिने विलग करण्याच्या पद्धतीवर संशोधन केले. १९३० साली डॉक्टरेट मिळाली. मात्र निष्कर्षांनी त्यांचे समाधान झाले नाही. विद्युतप्रवाहाने द्रावण तापे, ढवळले जाई आणि वेगळी होऊ लागलेली प्रथिने पुन्हा मिसळत. निराश होऊन त्यांनी तो विषय बाजूला ठेवला.

१९३४-३५ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन येथे असताना या पद्धतीचे महत्त्व त्यांना नव्याने जाणवले. मायदेशी परतून त्यांनी आयताकृती छेदाच्या अरुंद नळीचे नवे उपकरण घडविले आणि द्रावण थंड राखले. १९३७ साली रक्तातील सीरममध्ये अल्ब्युमिनसोबत अल्फा, बीटा व गॅमा ग्लोब्युलिन हे घटक स्वतंत्रपणे दिसून आले. १९४८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. २९ ऑक्टोबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

आज सिलिकॉन वा काचेच्या चिपवर कोरलेल्या, अतिशय बारीक वाहिन्यांतून डीएनए व प्रथिने विलग केली जातात. मार्ग अरुंद असला की उष्णता लवकर निघून जाते. टिसेलियस यांना भेडसावणारी अडचण तेथे मुळातच कमी होते.