ब्रेक मोठा करण्याआधी गाडी हलकी करा, असं सांगणारा कॉलिन चॅपमन एका ब्रेकपाशीच चुकला होता

चंद्रपूरहून मूलकडे जाताना जंगलाचा पट्टा लागतो. संध्याकाळनंतर या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याचं निम्मं लक्ष ब्रेककडे असतं. चितळ कधी उडी मारून समोर येईल, रानडुकरांचा कळप कधी आडवा जाईल, काही नेम नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या रस्त्यांवर आणखी एक गोष्ट दिसते. एका बाजूला दीडशे किलोची मोटरसायकल, तर दुसऱ्या बाजूला खाणीतला कोळसा किंवा सुरजागडचं लोहखनिज भरलेला अवजड ट्रक. चितळ समोर आलं की थांबायचं दोघांनाही असतं. पण दोघांच्या ब्रेकला पडणाऱ्या कामात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

हा फरक आकड्यांत बघू. ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करून टाकणारं यंत्र. ४० टनांचा ट्रक ताशी ६० किलोमीटरवरून पूर्ण थांबवला, तर जी उष्णता तयार होते तिच्यात ३० अंशांचं सुमारे १९ लिटर पाणी उकळीला येईल. तेच ५०० किलोची छोटी गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली, तर पाऊण लिटर पाणीसुद्धा उकळणार नाही.

म्हणजे गाडी हलकी केली की ब्रेकचं निम्मं काम आपोआप होतं.

या साध्या हिशोबावर एका माणसाने कंपनी उभी केली, स्पोर्ट्स कारची दुनिया बदलली आणि फॉर्म्युला वनच्या ७ सांघिक अजिंक्यपदांवर नाव कोरलं. तो माणूस म्हणजे लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन. पण हाच हिशोब त्याने एका नको त्या जागी लावला, आणि त्याची किंमत मोठी होती.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. वडील उत्तर लंडनमधल्या हॉर्नसी भागात रेल्वे हॉटेल चालवायचे. कॉलिन युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकायला गेला. म्हणजे गाड्यांचं शिक्षण त्याने घेतलंच नाही. तो शिकला ते पूल आणि इमारती कशा उभ्या राहतात हे. कुठल्या दांडीवर किती भार येतो आणि कुठली दांडी नुसतीच ओझं म्हणून उभी आहे, हे ओळखायची नजर त्याला तिथे मिळाली.

शिकता शिकता तो जुन्या गाड्यांची खरेदी-विक्रीही करायचा. धंदा बरा चालला होता. पण १९४७ मध्ये ब्रिटनने खासगी गाड्यांचं पेट्रोलचं रेशन बंद केलं आणि जुन्या गाड्यांचे भाव एकदम कोसळले. चॅपमनने पडेल त्या भावाला माल काढला. शेवटी एक जुनी ऑस्टिन सेव्हन कुणी घेईना, ती त्याच्याकडेच राहिली.

ऑस्टिन सेव्हन ही त्या काळातली सर्वसामान्यांची गाडी. स्वस्त, छोटी, हलकी. तिचे ब्रेक मात्र तारेने ओढले जाणारे आणि कमजोर म्हणून कुप्रसिद्ध. चॅपमनने तिची जुनी बॉडी उतरवली आणि प्लायवूड व ॲल्युमिनियमच्या पत्र्याची नवी बांधली. हे सगळं काम चाललं होतं त्याची मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या घरामागच्या गॅरेजमध्ये. १९४८ साली तयार झालेली ही गाडी म्हणजे पहिली लोटस.

पुढे त्याने थोडा काळ हवाई दलात काढला, मग ॲल्युमिनियमच्या एका कंपनीत नोकरी केली. १ जानेवारी १९५२ ला लोटस इंजिनिअरिंग सुरू झाली. भांडवल होतं २५ पौंड, तेही हेझलने दिलेलं. कारखाना म्हणजे वडिलांच्या हॉटेलमागचा जुना तबेला. १९५४ मध्ये दोघांनी लग्न केलं.

लोटसच्या पहिल्या यशस्वी गाडीचं नाव मार्क सिक्स. पातळ पोलादी नळ्या त्रिकोणात जोडून सांगाडा करायचा आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवायचा. सुटे भाग घरी न्यायचे आणि गिऱ्हाइकाने स्वतः गाडी जोडायची. तयार गाडीवर जबर खरेदी कर होता, सुट्या भागांवर तो लागत नव्हता. त्यामुळे खिशात फार पैसे नसलेल्या, पण हातात पाना धरता येणाऱ्या तरुणांना स्पोर्ट्स कार परवडू लागली. याच वाटेवरची पुढची गाडी म्हणजे १९५७ ची लोटस सेव्हन. ५०० किलोच्या आसपासची ही गाडी आजही जगभरात हलक्या स्पोर्ट्स कारचा नमुना मानली जाते.

आता ब्रेककडे येऊ.

त्या काळी बहुतेक गाड्यांना ड्रम ब्रेक असायचे. बंद डब्याच्या आत दोन ब्रेक शू बाहेरच्या बाजूला दाबले जायचे. यात उष्णता आत कोंडते. घाटात सारखा ब्रेक मारला की लायनर तापतो, पकड सुटते आणि पाय खाली जाऊनही गाडी थांबत नाही. डिस्क ब्रेकमध्ये लोखंडी चकती उघड्यावर फिरते, वारा तिला थंड करतो आणि दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. १९५३ मध्ये फ्रान्समधली ला मान्सची २४ तासांची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर जिंकली आणि सगळ्यांचे डोळे उघडले.

चॅपमनने ही गोष्ट लगेच उचलली. १९५७ ला जगासमोर आलेल्या लोटस एलिटला चारही चाकांना डिस्क होत्या. १९६२ च्या एलानलाही तसंच, आणि एलानचं वजन ७०० किलोच्या आत होतं.

पण सेव्हनच्या बाबतीत तो घाई करत नाही. सुरुवातीच्या सेव्हनला चारही ड्रमच होते, कारण गाडी इतकी हलकी आणि इंजिन इतकं छोटं की ड्रमला ते काम झेपायचं. पुढे जास्त ताकदीचं इंजिन आलं, वेग वाढला, तेव्हा सुपर सेव्हनला पुढच्या चाकांना डिस्क आल्या. यामागचं गणित सोपं आहे. वजन दुप्पट झालं तर ब्रेकचं काम दुप्पट होतं, पण वेग दुप्पट झाला तर ते चौपट होतं. इंजिन वाढवलं की ब्रेकचा विचार करावाच लागतो.

आजही हलक्या गाडीचे ब्रेक सुधारायचे तर हाच क्रम कामाला येतो. आधी ब्रेक ऑइल बदला. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषलेलं असेल तर हीच मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं दबतं. मग पॅड, मग जुने रबरी पाइप, मग टायर बघा. चकती मोठी करण्याचा नंबर त्यानंतर.

कारण चाक लॉक झालं की ब्रेकची ताकद संपते, पुढचं सगळं टायरच्या हातात असतं. हलक्या गाडीचं चाक आधीच लवकर लॉक होतं. तिला जड गाडीचा ब्रेक लावला तर ती लवकर थांबत नाही, लवकर घसरते. नुसता पुढचा किंवा नुसता मागचा ब्रेक वाढवला, तर दोघांमधला तोलही बिघडतो. शिवाय मोठी चकती चाकाचं वजन वाढवते. जड चाक खड्ड्यातून उसळलं की रस्त्यावर परत टेकायला वेळ लागतो, आणि हवेत असलेल्या चाकाला ब्रेक लावून काही उपयोग नसतो.

शेवटचा मुद्दा चॅपमनला नीट माहीत होता. त्यातूनच पुढची गोष्ट घडली.

साठच्या दशकात लोटसने शर्यती गाजवल्या. १९६२ च्या लोटस २५ मध्ये चॅपमनने नळ्यांचा सांगाडा काढून विमानासारखा पत्र्याचा कवच-सांगाडा आणला. जिम क्लार्क १९६३ आणि १९६५ ला जगज्जेता झाला, १९६५ मध्ये त्याने अमेरिकेतली इंडियानापोलिस ५०० ही जिंकली. आपली गाडी जिंकली की चॅपमन डोक्यावरची टोपी हवेत भिरकवायचा. ती त्याची ओळखच झाली.

पण दुसरी ओळखही तयार होत होती. लोटस वेगवान असते आणि तुटतेही, असं ड्रायव्हर बोलायचे. १९६० मध्ये बेल्जियममधल्या सरावात स्टर्लिंग मॉसच्या लोटसचं मागचं चाक निखळलं आणि त्याचे दोन्ही पाय मोडले. १९६९ मध्ये स्पेनमधल्या शर्यतीत गाडीवरचे पंख मोडून योखेन रिंट जखमी झाला. त्यानंतर रिंटने चॅपमनला पत्र लिहिलं. सांगणं एवढंच होतं, की तुमच्या गाड्या इतक्या वेगवान आहेत की कमजोर भाग मजबूत करण्यासाठी थोडं वजन वाढलं तरी आपण मागे पडणार नाही.

१९७० ला लोटस ७२ आली. या गाडीत पुढचे ब्रेक चाकात नव्हते. ते आत, गाडीच्या अंगाला बसवले होते, म्हणजे चाक हलकं राहील आणि रस्त्याला चिकटून धावेल. चाकाची फिरकी आतल्या ब्रेकपर्यंत पोहोचवण्यासाठी मध्ये एक दांडा होता. आणि वजन वाचवण्यासाठी हा दांडा पोकळ ठेवला होता.

कल्पना हुशारीची होती. पण चाक आणि ब्रेक यांच्यातला तो एकच दुवा होता. तो तुटला तर त्या चाकाला ब्रेकच उरत नव्हता.

ऑगस्ट १९७० मध्ये ऑस्ट्रियाच्या शर्यतीत रिंटचा संघ-सहकारी जॉन माइल्स याच्या गाडीचा असाच दांडा तुटला. तो वाचला. तीन आठवड्यांनी, ५ सप्टेंबर १९७० ला, इटलीत मोंझाच्या सरावात रिंट वळणाआधी ब्रेक मारत असताना त्याची गाडी वेडीवाकडी होऊन कठड्यात घुसली. रिंट गेला. पुढचा उजवा ब्रेक दांडा तुटल्याचं तपासात निघालं. कठडा नीट बसवलेला नव्हता आणि रिंटने पट्ट्याचा खालचा भाग लावला नव्हता, म्हणून धडक जीवघेणी ठरली.

त्या वर्षी रिंटचे गुण कुणालाच गाठता आले नाहीत. मृत्यूनंतर फॉर्म्युला वनचा जगज्जेता ठरलेला तो आजवरचा एकमेव ड्रायव्हर आहे.

लोटस ७२ पुढेही वर्षानुवर्षं धावली, ते दांडे मजबूत करून. वाढलेलं वजन थोडंसंच होतं. त्याच गाडीवर एमर्सन फिटिपाल्डी १९७२ ला जगज्जेता झाला. म्हणजे रिंटने पत्रात लिहिलं होतं ते खरं निघालं.

चॅपमनच्या डोक्यातल्या कल्पना मात्र थांबल्या नाहीत. गाडीच्या खालून वाहणाऱ्या हवेने गाडी रस्त्याला चिकटवायची, ही युक्ती त्याने वापरली आणि १९७८ ला मारिओ अँड्रेटी जगज्जेता झाला. शेवटची वर्षं डीलोरियन गाडीच्या प्रकरणाने झाकोळली. त्या गाडीच्या विकासासाठी दिलेले पावणेदोन कोटी डॉलरच्या आसपासचे पैसे भलतीकडेच वळवले गेले. लोटसच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला पुढे तुरुंगवास झाला. चॅपमनला कोर्टात उत्तर द्यायची वेळ आली नाही, कारण १६ डिसेंबर १९८२ ला, ५४ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला होता.

२०२३ मध्ये लोटस भारतात अधिकृतपणे आली, ती एलेट्रे ही इलेक्ट्रिक एसयूव्ही घेऊन. वजन अडीच टनांच्या आसपास. एका एलेट्रेत पाच लोटस सेव्हन मावतील. तिला थांबवायला ब्रेकही तसेच दांडगे लागतात.

आपल्याकडे गावोगावी पोरं मोटरसायकलचे ब्रेक बदलून घेतात. कुणी मागच्या ड्रमच्या जागी डिस्क बसवतो, कुणी दिसायला भारी म्हणून चकतीला भोकं पाडून आणतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा मूळ रचनेतल्या बदलांना आडवं येतं, तो भाग वेगळा. पण मूलच्या रस्त्यावर चितळ समोर आल्यावर कायदा नाही, पॅड आणि टायर कामाला येतात. म्हणून चॅपमनकडून दोन गोष्टी घ्यायच्या. कॅरिअरवरचं फालतू ओझं उतरवा, ती त्याने शिकवलेली गोष्ट. आणि पायापासून चाकापर्यंत ब्रेकचा जो रस्ता जातो, त्यात कुठेही ग्रॅमभरसुद्धा काटकसर करू नका, ही त्याच्या हातून शिकायची राहून गेलेली.