पंडिता रमाबाईंचा विसावा

नरडाण्याकडे पाऊस ओढ देऊ लागला, म्हणजे श्रद्धावान माणसाचीही रात्रीची झोप उडते. पेरलेले बी करपते, विहिरीचा तळ दिसू लागतो आणि सावकाराचे देणे डोळ्यांपुढे उभे राहते. बाप्तिस्मा होऊन वर्षे लोटली, तरी मनास स्वस्थता का नाही, असा प्रश्न अशा वेळी पडतो. पंडिता रमाबाईंनाही तो पडला होता. आणि उपासमार म्हणजे काय, हे त्यांस आपल्यापेक्षा अधिक ठाऊक होते.

त्यांचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडत. दुष्काळात वडील, आई व थोरली बहीण एकापाठोपाठ गेली. उरलेली दोघे भावंडे पायी देश तुडवीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंस पंडिता व सरस्वती म्हणून गौरविले. पण पुढे भाऊ वारला, १८८२ साली पतीही वारले, आणि पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी राहिली.

१८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली मुंबईत शारदासदन निघाले. नाव झाले, कामही चांगले चालले. मात्र अंतःकरण अस्वस्थच होते. सुमारे आठ वर्षे अशी गेल्यावर हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ इतरांस उपदेश करता करताच स्वतः पालटला होता. तेव्हा रमाबाईंस उमगले की, आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही. मग विद्या व सत्कर्मे बाजूस ठेवून, केवळ एक पापी म्हणून त्या येशूच्या चरणी आल्या. विसावा मिळाला तो तेथे.

त्याची पारख लवकरच झाली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातील अनाथ मुलींचे हाल त्यांनी पाहिले. अमेरिकेतील मंडळाचा पैसा ठरावीक विधवांपुरताच होता. तरीही पैशाची तजवीज होण्यापूर्वीच त्यांनी सुमारे ३०० मुली आणल्या व केडगावच्या शेतावर मुक्तिसदन उभे राहिले. व्यवहारी माणूस यास अविचार म्हणेल. परंतु विश्वास म्हणजे हात जोडून बसणे, असे बाईंनी कधी मानले नाही. त्यांनी शेत पिकविले, विहिरी खणविल्या, मुलींस विणकाम व छपाई शिकविली. आणि उद्याचे ओझे मात्र देवावर टाकून त्या निजत.

पुन्हा अवर्षण पडले, तेव्हा तेथे सुमारे १९०० माणसे होती व गुरे वेगळीच. दोन विहिरींचे पाणी रोज संध्याकाळी उपसून संपे, तळ उघडा पडे. सकाळी पाहावे तो दिवसभर पुरेल इतके नवे पाणी आलेले असे. हे बाईंनी स्वतःच लिहून ठेविले आहे.

१९२१ साली मनोरमाबाई वारल्या. एवढी एकच लेक, आणि कामातील उजवा हात! बाई स्वतः थकल्या होत्या, बहिऱ्या झाल्या होत्या. तरी मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून चालविलेले आपले सोप्या मराठीतील शास्त्राचे भाषांतर त्यांनी खाली ठेविले नाही. हे काम हातावेगळे करून, ५ एप्रिल १९२२ रोजी, झोपेतच, त्या प्रभूकडे गेल्या.