जात्यावरच्या उपमा

मैत्रिणींनो, आधी माझीच एक चूक सांगते. आमच्या बचत गटाचं हस्तलिखित काढायचं ठरलं. गटातल्या एक मावशी लिहायला न शिकलेल्या, म्हणून त्या सांगत होत्या आणि मी लिहून घेत होते. नवरा गेल्यावर घर कसं वाटलं, ते त्या बोलल्या. मोटर जळालेल्या विहिरीसारखं. पाणी आत आहे, पण वर येत नाही. मी पडले बी.ए. मराठीवाली! घरी बसून ते ‘सुधारलं’ आणि ‘दुःखाच्या सागरात बुडून गेले’ असं लिहिलं. वाचून दाखवलं तेव्हा मावशी एवढंच म्हणाल्या, “ताई, मी कुठं बघितला सागर?”

त्या रात्री मला बहिणाबाई चौधरी आठवल्या. कॉलेजात त्यांच्या कविता परीक्षेपुरत्या वाचल्या होत्या, त्या पुन्हा काढून वाचल्या.

बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८० चा, जळगावजवळच्या असोद्याचा. माहेर महाजनांचं, शेतकरी घर. भावंडं बरीच. शाळेचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नाही. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरींशी लग्न झालं आणि त्या मोठ्या एकत्र कुटुंबात आल्या. शेत, गोठा, चूल, जातं, सण, पाहुणे, हेच त्यांचं पुस्तक. अंगणात, शेतात, दळताना त्या गाणी रचायच्या आणि म्हणायच्या. भाषा घरचीच, खानदेशातली लेवा गणबोली.

वयाच्या तिसाव्या वर्षी नवरा गेला. पदरात काशी, ओंकार आणि सोपानदेव अशी तीन लेकरं. त्यातच प्लेगच्या आजारपणातून ओंकारला कायमचं अपंगत्व आलं. त्या काळी विधवेच्या वाट्याला काय यायचं, ते आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितलेलंच आहे. बहिणाबाई मात्र खचून बसल्या नाहीत. शेत सांभाळलं, मुलं वाढवली.

आणि त्या दुःखाचं त्यांनी काय केलं बघा! कपाळावरच्या कुंकवाखाली नशिबाची रेघ झाकलेली होती, कुंकू पुसलं तशी ती उघडी पडली, असं त्यांनी गाण्यात म्हटलं. बांगड्या फुटल्या, पण मनगटातलं बळ शाबूत आहे, हेही त्याच गाण्यात आलं. यात अवघड शब्द एकही नाही. रोज आरशात दिसणारं कपाळ आणि रोज राबणारं मनगट, एवढंच घेतलं. पण ऐकणाऱ्या बाईच्या काळजात कळ उठते.

आपण शाळेत उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती पाठ केली. अलंकार म्हणजे भाषेचे दागिने, असं शिकलो. बहिणाबाईंना ही नावं माहीत असण्याचं कारण नव्हतं. मनाचं चंचलपण सांगायचं तर त्यांना उभ्या पिकात शिरणारं ढोर आठवलं. कितीही हाकला, परत तिथंच! राखण केलेल्या बाईलाच हे सुचणार. सुगरणीच्या खोप्यात त्यांना पिलांसाठी जीव टांगणारी आई दिसली. मला वाटतं, त्यांच्याकडे अलंकार दागिन्यासारखा वरून घातलेला नाहीच. तो विळ्यासारखा आहे, कामाचा. जे नुसतं सांगून कळत नाही, ते कळावं म्हणून हाती घेतलेला.

ही गाणी बरीचशी वाऱ्यावर गेली. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तेवढी टिपून ठेवली, म्हणून ती राहिली. सोपानदेव पुढे स्वतः नावाजलेले कवी झाले. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे थक्क झाले आणि हे छापलंच पाहिजे म्हणून हटून बसले. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं. छापील पुस्तक बघायला ती माउली नव्हती. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव दिलं गेलं. जिला अक्षर येत नव्हतं, तिचं नाव आज पोरींच्या पदवीवर असतं!

मला मात्र राहून राहून त्या दोन भावांचं वाटतं. त्यांनी आईची बोली ‘शुद्ध’ करून लिहिली असती तर? माझ्यासारखा त्यांनीही सागर आणून ओतला असता तर?

दुसऱ्या दिवशी मी मावशींकडे गेले, माझा कागद फाडला आणि म्हटलं, पुन्हा सांगा. त्यांनी परत सांगितलं. या वेळी विहिरीच्या जोडीला कोरडी पडलेली पन्हाळही आली. मी एक शब्द बदलला नाही. हस्तलिखितात तेच पान बायका परत परत उघडतात.

तुमच्याही घरात, शेजारी अशी एखादी मावशी असेल. तिच्याजवळ बसा, ती बोलेल तसंच लिहून घ्या. सुधारायला मात्र जाऊ नका.