कमल रणदिवे आणि पेशींचे कोडे

मुलीने डॉक्टर व्हावे, लग्नही डॉक्टरशीच करावे, अशी वडिलांची इच्छा होती. पुण्याच्या कमल समर्थ यांनी दोन्ही ऐकले नाही. त्या जीवशास्त्राकडे वळल्या आणि १९३९ मध्ये गणिती जे. टी. रणदिवे यांच्याशी लग्न केले. सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांवर त्यांनी एम.एस्सी. केली. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्या कर्करोगाकडे आल्या. १९४९ मध्ये पीएच.डी. झाली.

पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे पेशी काचपात्रात जिवंत ठेवण्याचे तंत्र त्या शिकल्या. परत येऊन भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी तशी प्रयोगशाळा उभारली. उंदरांमधील स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध, हा त्यांचा मुख्य विषय. एकट्या आनुवंशिकतेवर बोट ठेवून त्या थांबल्या नाहीत, हे महत्त्वाचे.

यकृताचा कर्करोग हा त्यांचा मुख्य विषय नव्हता. पण तिथे हाच प्रश्न आज वेगळ्या भाषेत विचारला जातो. यकृताच्या आणि कातडीच्या पेशीतला डीएनए एकच. कोणते जनुक चालू, कोणते बंद, हे त्यावर बसणाऱ्या मिथाइल गटांसारख्या रासायनिक खुणा ठरवतात. या शास्त्राला एपिजेनेटिक्स म्हणतात. हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, यकृतात साठलेली चरबी यांमुळे वर्षानुवर्षे दाह राहिला की या खुणा विस्कटतात. पेशीच्या वाढीला लगाम घालणारी पी१६सारखी जनुके गप्प होतात. त्यांची अक्षरे मात्र बदललेली नसतात. सोबत डीएनएमध्ये खरे बिघाडही साचत जातात. दुखणे जाणवते तेव्हा गाठ अनेकदा मोठी झालेली असते. या खुणा पुसणारी औषधे रक्ताच्या काही कर्करोगांत वापरतात. यकृतासाठी ती अजून नेहमीच्या उपचारांत आलेली नाहीत. हिपॅटायटिस बीची लस मात्र हाताशी आहे. बाळाला ती जन्मल्यापासून २४ तासांत द्यायची असते. आईला संसर्ग असेल तर एकेक तास मोलाचा.

रणदिवे यांनी कुष्ठरोगाच्या जंतूंवरही काम केले. १९७३ मध्ये सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली, १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करू लागल्या. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.