आल्फ्रेड रसेल वॉलेस

आल्फ्रेड रसेल वॉलेस (८ जानेवारी १८२३ – ७ नोव्हेंबर १९१३) हे ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ होत. नैसर्गिक निवडीचे तत्त्व त्यांनी चार्ल्स डार्विन यांच्यापासून स्वतंत्रपणे मांडले. वेल्समधील अस्कजवळ त्यांचा जन्म झाला. शाळा लवकर सुटल्याने ते थोरल्या भावाच्या हाताखाली जमीनमोजणी शिकले. पुढे ॲमेझॉनचे खोरे (१८४८–५२) व मलाय द्वीपसमूह (१८५४–६२) येथे प्राण्यांचे नमुने गोळा करून त्यांच्या विक्रीवर त्यांनी निर्वाह केला.

१८५८ मध्ये त्यांनी आपला निबंध डार्विन यांच्याकडे पाठवला. डार्विन त्याच विचारावर सुमारे वीस वर्षे काम करीत असल्याने अग्रमानाचा पेच पडला. लायेल व हूकर यांनी दोघांचेही लेखन १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनीअन सोसायटीपुढे मांडले. दूरदेशी असलेल्या वॉलेस यांना आधी विचारले गेले नव्हते, तरी त्यांनी हा निर्णय आनंदाने मानला. मानवी बुद्धीच्या उगमाविषयी दोघांचे पुढे झालेले तीव्र मतभेदही लेख, ग्रंथ व पत्रे यांतच राहिले.

पैज आणि खटले

१८७० मधील वाद मात्र वेगळ्या वाटेने गेला. पृथ्वी सपाट मानणारे जॉन हॅम्पडन यांनी पाण्याच्या पृष्ठभागाची वक्रता दाखवण्यावर ५०० पौंडांची पैज लावली. लायेल यांचा सल्ला घेऊन वॉलेस यांनी ती स्वीकारली. मार्च महिन्यात बेडफर्ड लेव्हल येथील सरळ कालव्यावर, सुमारे ६ मैलांच्या अंतरात, दुर्बीण, मधली खूण व दूरच्या पुलावरील खूण पाण्यापासून सारख्याच उंचीवर ठेवण्यात आल्या. दुर्बिणीतून मधली खूण वर दिसली. मोजणीदाराच्या जुन्या विद्येचाच हा उपयोग होता. ‘द फील्ड’चे संपादक वॉल्श यांनी पंच म्हणून वॉलेस यांच्या बाजूने कौल दिला.

हॅम्पडन यांनी तो मानला नाही. बदनामीची पत्रके निघू लागली. वॉलेस यांच्या पत्नीलाही धमकीचे पत्र आले. वॉलेस न्यायालयात गेले, हॅम्पडन यांना तुरुंगवास घडला, तरी छळ थांबला नाही. उलट १८७६ मध्ये, पैजेचा करार कायद्याने निरर्थक असून पैसे वॉलेस यांना देण्यापूर्वीच हॅम्पडन यांनी आपली अनामत परत मागितली होती, म्हणून ती त्यांना मिळावी, असा निकाल लागला. पृथ्वीच्या आकाराचा प्रश्न न्यायाधीशांपुढे नव्हताच. नियमित उत्पन्न नसलेल्या वॉलेस यांचे या प्रकरणात शेकडो पौंड गेले. १८८१ मध्ये डार्विन यांच्या खटपटीमुळे त्यांना वार्षिक २०० पौंडांचे सरकारी निवृत्तिवेतन मिळाले.

१९०१ मध्ये भूगोलज्ञ हेन्री यूल ओल्डम यांनी त्याच कालव्यावर प्रयोग पुन्हा करून त्याचे निष्कर्ष ब्रिटिश असोसिएशनपुढे ठेवले; ते वॉलेस यांच्या निरीक्षणाशी जुळणारे होते. १९०५ मधील आत्मचरित्रात वॉलेस यांनी पैज स्वीकारल्याबद्दल खेद व्यक्त केला. डॉर्सेटमधील ब्रॉडस्टोन येथे त्यांचे निधन झाले.