हाफकिनसाहेबांची लस आणि घोड्याची उसनी ताकद

हाफकिन हे नाव आपल्याकडे साप चावल्यावरच्या इंजेक्शनामुळे माहीत आहे. पण ते एका माणसाचे नाव आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा शहरी ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा सरकारने त्यांना इकडे पाठविले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगची लस बनविली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःवरच आजमावली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळला गेली.

१९०२ साली पंजाबात मुल्कोवाल गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला, त्यांना कामावरून दूर केले. बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, असे पुढे दिसले आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये ते स्वित्झर्लंडात वारले.

आता मुद्द्याची गोष्ट. हाफकिन यांच्या प्लेगच्या लशीत मेलेले जंतू असत. ते टोचले की शरीर स्वतःच प्रतिकारशक्ती तयार करते. तिला दिवस लागतात, पण ती जास्त टिकते. ही सक्रिय प्रतिकारशक्ती. त्यांच्या संस्थेत पुढे तयार होऊ लागलेल्या सर्पदंशाच्या इंजेक्शनाचे तसे नाही. घोड्याला विष थोडे थोडे वाढवत टोचतात. विष मारणारी द्रव्ये त्याच्या रक्तात तयार होतात, ती शुद्ध करून माणसाला देतात. ही आयती, म्हणजे निष्क्रिय प्रतिकारशक्ती. लगेच लागू पडते, पण लवकर संपते. म्हणून हे इंजेक्शन आगाऊ घेऊन उपयोग नाही, आणि मागे घेतलेले पुढच्या दंशाला चालत नाही. वासराला पाजलेला चीकही गाईची आयती शक्तीच. पुढे लाळ्या-खुरकुताची लस टोचावीच लागते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, शहापूर-मुरबाडकडे भातलावणीत सापाची भीती असतेच. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर हेच इंजेक्शन आहे. दंश झाल्यास जखम कापू नका, करकचून बांधू नका, हातपाय हलवू नका, भगताकडे वेळ दवडू नका; थेट सरकारी रुग्णालय गाठा. सरपंच व ग्रामसेवकांनी जवळ साठा कुठे आहे, हे पावसाआधी विचारून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवावे.