आगबोटीच्या चाकांमागचा माणूस : अर्देशीर खरशेटजी वाडिया

पणजीहून आगबोटीने मुंबई गाठलेली पिढी आता उतारवयाला लागली आहे. त्यांची आगबोट पाण्याखालच्या पंख्यावर चालणारी होती. तिच्या पूर्वजांना मात्र दोन्ही अंगांना पाणी कापणारी प्रचंड चाके असत. स्वित्झर्लंडमधील लुसर्न सरोवरात अशा पाच जुन्या आगबोटी आजही प्रवासी वाहतात आणि हौशी मंडळी इंजिनाच्या कठड्याशी उभी राहून दट्ट्यांची ये-जा पाहण्यात रमून जातात. हेच वेड एकोणिसाव्या शतकात मुंबईतल्या एका पारशी तरुणाला जडले होते.

अर्देशीर यांचा जन्म १८०८ सालचा. घराणे लवजी वाडियांचे, म्हणजे मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधणाऱ्यांचे. चौदाव्या वर्षीच ते गोदीत कामाला लागले. घराण्याची कीर्ती लाकूड आणि शिडे यांवर उभी होती. या मुलाचे चित्त मात्र वाफेत गुंतले. ते एकवीस वर्षांचे असताना, १८२९ मध्ये, याच गोदीतून ‘ह्यू लिंडसे’ ही चाकांची आगबोट पाण्यात उतरली. पुढल्या वर्षी ती ३२ दिवसांत सुएझला पोहोचली. कोळसा इतका लागे की मिळेल त्या कोपऱ्यात तो भरावा लागला होता.

अर्देशीर यांनी आधी एक अश्वशक्तीचे छोटे इंजिन स्वतः घडवले. मग विलायतेहून दहा अश्वशक्तीचे इंजिन मागवून, १८३३ मध्ये साठ टनांची ‘इंडस’ ही आपली आगबोट सिद्ध केली. लगेच माझगावचा बंगला आणि बाग त्यांनी वायूच्या दिव्यांनी उजळली. ती रोषणाई पाहायला खुद्द गव्हर्नर आले होते.

१८३९ मध्ये ते इंग्लंडला गेले. तिथले कारखाने त्यांनी बारकाईने पाहिले आणि प्रवासाची दैनंदिनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. परतल्यावर, १ एप्रिल १८४१ रोजी, कंपनी सरकारच्या मुंबईतील वाफयंत्रांच्या कारखान्याचे मुख्य अभियंता म्हणून त्यांनी सूत्रे घेतली. पुढच्याच महिन्यात लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो निवडले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दुसरे रामानुजन, आणि तेही थेट १९१८ मध्ये!

खरी कसोटी कारखान्यात होती. हाताखाली युरोपीय मुकादम आणि कारागीर, वर हुकूम एका एतद्देशीयाचा. मुंबईच्या एका इंग्रजी वृत्तपत्राला हे रुचले नाही. गोऱ्यांवर अधिकार चालवणे नेटिवाच्या कुवतीबाहेरचे आहे, असा सूर त्याने लावला. अर्देशीर यांनी तो कारखाना १८५७ पर्यंत, सोळा वर्षे चालवला. दरम्यान अमेरिका पाहून आले, आणि १८५१ मध्ये ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट उतरवली. तिचे सुटे भाग त्यांच्या स्वतःच्या ओतशाळेत घडले होते. पहिल्या बोटीसाठी इंजिन परदेशातून आणणाऱ्या माणसाचा अठरा वर्षांतला हा पल्ला मला रॉयल सोसायटीच्या मानाहूनही मोठा वाटतो.

निवृत्तीनंतर १८६१ मध्ये त्यांना पुन्हा बोलावणे आले, तेही सिंधू नदीवरून. कोटरी येथे इंडस फ्लोटिला कंपनीच्या आगबोटींची देखरेख त्यांनी दोन वर्षे केली. तरुणपणी ज्या नदीचे नाव आपल्या बोटीला दिले, तिच्याच पात्रावर ही अखेरची नोकरी झाली. १८६८ मध्ये ते इंग्लंडला स्थायिक झाले आणि १६ नोव्हेंबर १८७७ रोजी लंडनजवळच्या रिचमंड येथे निवर्तले. भारतीय डाक खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले, ते १९६९ मध्ये.